न कापलेलं गवत

हे मी लिहिणारच नव्हतो. मशीनवर उतरलेली गोष्ट कधी ना कधी कुणाच्या तरी हातात पडतेच, रोज बघतो मी ते. दोनदा कागद चढवला आणि दोनदा काढून बंबात घातला. आता परत बसलोय. दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर जेवढं ठोकता येईल तेवढं ठोकतो. मध्येच तुटलं तर समजून घ्या.

मी बडोद्यात घडियाळी पोळ या गल्लीच्या नाक्यावर टायपिंगच्या दुकानात बसतो. अर्ज, नोटिसा, भाडेचिठ्ठ्या. मालकाने बालबोध अक्षरांचं मशीन आणलं तेव्हा ते चालवणारं कुणी नव्हतं. दुपारी मालक झोपला की मी एकेक कळ दाबून बघायचो. असाच शिकलो. शाळा तर त्याच्या आधीच सुटली होती.

दिवाळी होऊन गेल्यावर एक दिवस श्रीपतराव दुकानात आले. हे एका सरदारांचे कारभारी. सरदारांचं नाव लिहीत नाही, बडोद्यात सरदार काय कमी आहेत? छत्री भिंतीला टेकवली, बाकावर बसले, आणि काही टाइप करायला दिलंच नाही.

"संपतराव तुझा मित्र ना रे, शरच्चंद्र?"

"हो. आखाड्यात एकत्र होतो आम्ही."

"माणूस कसा आहे?"

असा प्रश्न कुणी चांगल्यासाठी विचारत नाही. मी म्हटलं, "चांगला आहे. का?"

पादरा गावाच्या बाजूला सरदारांचं गवताचं कुरण आहे. त्यांच्या पागेतल्या घोड्यांना वर्षभर तिथलंच गवत लागतं. रखवाली संपतकडे. त्याच्याआधी त्याचे वडील धनाजीराव बघायचे. ते फौजेत सवार होते, आता म्हातारे झालेत. कुरणाच्या दारातच त्यांचं कौलारू घर, तेही सरदारांचंच. म्हणजे रखवाली गेली की घरही गेलं.

"गवत दरवर्षी उतरत चाललंय," श्रीपतराव म्हणाले. "पाऊस बरा, जमीन तीच. मग गवत जातं कुठे?"

"संपत काय म्हणतो?"

"म्हणतो, रोझ खातात." ते हसले, पण नुसत्या तोंडाने. "अरे, रोझ माझ्या आजोबांच्या काळापासून आहेत तिथे. तेव्हा गवताच्या गंज्या घराएवढ्या लागायच्या. आता रोझांची भूक वाढली का?"

रोझ म्हणजे नीलगाय. आमच्याकडे सगळे रोझच म्हणतात. नावात गाय आहे, म्हणून तिच्यावर कुणी बंदूक उचलत नाही. सरदारही नाही.

"मला विचारशील तर तो भरवाडांची शेळ्यामेंढरं आत सोडतो," ते म्हणाले. "आणि दुसरं ऐक. कापणी चालू आहे, पण नाल्याकडचा कोपरा तो कापूच देत नाही. आज नको, उद्या. मजूर सांगतात, तिथलं गवत छातीएवढं आहे. बाकी सगळं कुरण बोडकं, आणि तेवढा कोपरा भरलेला. कुणासाठी राखलाय?"

खरं सांगतो, मलाही ते खटकलं.

"तू जा. कापणीच्या हिशोबाला पाठवलंय असं मी कळवतो. डोळे उघडे ठेव, काय दिसलं ते टाइप करून दे. मित्र साफ असला तर तुझ्याच हातून सुटेल." छत्री उचलून दारात थांबले. "आमच्या कचेरीत मशीन येतंय. खुर्चीवर बसायला माणूस लागेलच."

मी गेलो. मनाला सांगितलं, दुसरा कुणी जाण्यापेक्षा मी बरा. खुर्चीचा विचारही केला. का लपवू?

---

विश्वामित्री स्टेशनावरून पादरा गावाकडे जाणारी छोटी आगगाडी पकडली. संपत फाटकात उभा होता.

"अल्या शऱ्या! तुला हिशोबाला पाठवलंय? आखाड्यात दंड मोजताना बारानंतर एकदम सोळा यायचे तुझे."

"तुला दमवायचं नव्हतं म्हणून."

"बस ने हवे, पुरे." हसला, पाठीत गुद्दा घातला, आणि मग माझ्याकडे बघायचं टाळलं. ते मी टिपलं. मी टिपायलाच तर गेलो होतो.

घरात समोरच्या भिंतीवर आबांची, म्हणजे धनाजीरावांची, तलवार आणि बंदूक. त्यांच्या बाजूला खुंट्यांवर लांडग्यांच्या शेपट्यांची रांग. आबा लांडगे मारण्यात नावाजलेले. पागेतली शिंगरं आणि गावची मेंढरं लांडगे उचलतात म्हणून सरदारांचा हुकूमच होता. खंडेनवमीला हत्यारांपुढे नवीन शेपट्या मांडायच्या आणि दसऱ्याला सरदारांच्या हातून मंदील बांधून घ्यायचा, अशी या घराची रीत. लहानपणी त्या शेपट्या गालाला लावून आम्ही एकमेकांना घाबरवायचो. आता सगळ्यांना कसर लागली होती. नवी एकही नव्हती.

"आबा, शिकार बंद केलीत?"

"लांडगाच उरला नाही लेका. मारू काय, तुला?"

संपत खोकला. ठसका नव्हता तो, उगाच खोकला.

कमळाकाकी, संपतची आई, चुलीपाशी होती. "बरा आलास. सट जवळ आलीये. भरीत-रोडगा खाऊनच जा." सट म्हणजे चंपाषष्ठी. त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे. सटीला मी त्यांच्याकडे जेवत आलोय तो पोरवयापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच कुरणात फिरलो. कारभारी खोटं बोलले नव्हते. न्हाव्याने वस्तरा फिरवावा तसं गवत मुळापासून साफ. आणि जागोजागी लेंड्यांचे ढीग. थोड्या नाहीत, टोपलीभर, एकावर एक. मी शहरातल्या गल्लीत वाढलेला माणूस. लेंड्या बघितल्या त्या बोकडबाजारात. म्हटलं, झालं! शेळ्या इथे रात्र रात्र बसवल्यात, त्याशिवाय एका जागी एवढं साठेल कसं? चार लेंड्या कागदात गुंडाळल्या आणि पुरावा म्हणून खिशात टाकल्या. माझ्याच मित्राविरुद्धचा पुरावा.

दुपारी त्याहून वाईट बघितलं. बाभळीच्या आड एक भरवाड उभा होता, अंगात पांढरं घेरदार केडियू, कानात कड्या. संपत डोक्यावर अर्धं पोतं घेऊन गेला आणि त्याच्यापुढे ठेवलं. भरवाड काहीतरी कुरकुरला, मग पोतं खांद्यावर टाकून निघून गेला.

मला कळेना. भरवाडाने द्यायचं की संपतने? मग वाटलं, मी आलोय म्हणून घेतलेलं परत करत असेल. संशयाचं असं असतं, सरळ दिसलं तरी तो वाकडं करून घेतो.

जेवताना विचारलं, "तो भरवाड कोण रे?"

"कुठला भरवाड?"

काकी म्हणाल्या, "अगोबाई, तरीच बाजरीचं पोतं निम्म्यावर आलंय—"

"आई, कढी वाढ."

आबा खाली मान घालून जेवत होते. मी संपतकडे बघितलं, त्याने ताटात बघितलं. तोंडावर खोटं बोलला माझ्या. आखाड्यात त्याच्या हातून माझं हाड मोडलं होतं तेव्हाही जो खोटं बोलला नव्हता तो.

---

(मध्ये एक बाई घराच्या वादाचा अर्ज घेऊन आल्या होत्या. आता पुढे.)

दिवस मावळायला आला की संपत नाल्याकडे जायचा. काकी म्हणाल्या, "रोजचंच आहे. विचारलं तर म्हणतो पोटात वायू धरतो, चालून येतो." मी थोडं अंतर ठेवून मागे निघालो.

तो दिसेनासा झाला. मी एका बोरीच्या झुडपामागे बसलो. उजेड होता अजून. आणि समोरून रोझ आले. पुढे एक मोठा निळसर नर, मागे माद्या, पिल्लं, परत माद्या. मोजायला लागलो आणि सोडून दिलं. नर त्या लेंड्यांच्या ढिगापाशी थांबला, मागचे पाय फाकवले, ढिगात भर घातली आणि पुढे गेला. मग दुसरा आला, त्यानेही तिथेच. घरात संडास एकच असावा तसे रांगेने.

मी खिशातली पुडी काढली, उघडली, बघितली. कारभाऱ्यांसाठी जपलेला पुरावा! फेकून दिला आणि हात धोतराला पुसले.

म्हणजे शेळ्या नव्हत्याच. पण गाठ सुटली नाही. रोझ तर आजोबांच्या काळापासून होते, मग आत्ताच का? मी बघत राहिलो. ते पंगतीला बसल्यासारखे एका जागी उभं राहून खात होते. घाई नाही, मान वर नाही. फक्त नाल्याकडच्या उंच गवताकडे एकही जाईना. एक मादी गेली, नाक वर केलं, आणि पिल्लाला घेऊन लगबगीने मागे फिरली.

माझ्या मानेवर हात पडला.

"ओरडू नको," संपत कानाशी म्हणाला. "कारभाऱ्याने पाठवलं ना तुला माझ्यावर?"

"हो."

"मला वाटलंच." हात काढला नाही. म्हणाला, "आलाच आहेस तर बघ. पोटावर सरक."

उंच गवतातून सरकत गेलो. पुढे नाल्याची दरड, दरडीत बीळ. बिळाच्या तोंडाशी एक लांडगी बसली होती. भिंतीवरच्या शेपट्यांवरून मी केवढं तरी जनावर मनात धरलं होतं. ही तर हडकुळी, लांब पायांची, मातीच्याच रंगाची. तिच्या अंगावर पिल्लं चढत होती, घसरत होती, एकमेकांचे कान ओढत होती. तिने आमच्या दिशेला बघितलं. मग तिने तोंड फिरवलं.

मागे आल्यावर संपत भडाभडा बोलला. किती दिवस साठलं होतं कुणास ठाऊक.

"आबांनी शेवटची शेपटी लावली, त्यानंतरच गवत उतरलं. मला आधी उमगलं नाही. पूर्वी रोझांची पिल्लं कितीतरी लांडग्यांच्या पोटात जायची. आणि उरलेले असे उभे राहायचे नाहीत, शऱ्या. चार घास खाल्ले की पुढे, परत चार घास की पुढे. सारखी भीती ने. तेवढ्यात गवत परत डोकं काढायचं. आता भीती कुणाची? होळीच्या सुमाराला ही आली, जोडीने. कुठून आली ठाऊक नाही. ज्या बाजूला हे दोघं फिरतात तिथे रोझ उभा राहत नाही. कोपरा मी राखला नाही रे. हिने राखलाय."

"आणि बाजरी?"

"हिने त्या भरवाडाचं मेंढरू नेलं. तो विष टाकायला निघाला होता, भरपाई देऊन थांबवला."

"मग हे कारभाऱ्यांना सांग ना!"

"सांगू? सरदारांचे पाहुणे बंदुका घेऊन हजर होतील. कोपरा कापला तरी बीळ उघडं पडतं, मजूर कोयत्यांनीच पिल्लं मारतील. आणि आबांना काय सांगू? ज्या शिकारीचा मंदील डोक्याला बांधलात तिनेच गवत खाल्लं?"

मी मान हलवली. पण मला पूर्ण पटलं होतं असं नाही. मनात एक किडा होताच, की चोरी झाकायला याने चांगली गोष्ट जुळवली असेल तर? म्हणून सटीच्या सकाळी, सगळे उठायच्या आत, एकटाच परत गेलो. उंच गवताच्या कडेकडेने खूर शोधले. रोझाचा नाही, शेळीचा नाही. पंज्यांचे ठसे मात्र होते. आणि त्या ठशांच्या बाजूने मातीत गोल भोकं. एक पाऊल, एक भोक. ती नाल्यापर्यंत गेली होती.

आबांच्या काठीला खाली लोखंडी टोपी आहे.

धावत घरी आलो. भिंतीवर तलवार होती. बंदूक नव्हती. आबाही नव्हते.

---

संपतला सांगेपर्यंत फाटकात बैलगाडी थांबली. श्रीपतराव उतरले, मागून मजूर, हातात कोयते.

"आज कोपरा कापायचा," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

"आज सण आहे, साहेब," संपत म्हणाला.

"घोड्यांना सण नसतो."

सगळे निघाले. संपतचा चेहरा उतरलेला. त्याचे कान बंदुकीच्या आवाजाकडे लागलेत हे मला कळत होतं, कारण माझेही तिकडेच होते. चालता चालता कारभाऱ्यांनी मला विचारलं, "काय दिसलं तुला?"

"रोझ, साहेब. रांगेने येतात. लेंड्यांचे ढीग त्यांचेच, मी बसून बघितलं. शेळीचा खूर कुठेही नाही."

"बरं. आणि कोपरा?"

मी तोंड उघडलं. खरं सांगितलं तर लांडगी मरणार. नाही सांगितलं तर संपतचं घर जाणार. तसाच उघड्या तोंडाने चालत राहिलो.

"हं," श्रीपतराव म्हणाले. त्या एका हंमध्ये त्यांनी आम्हा दोघांना एका दावणीला बांधलं.

कोपऱ्यापाशी आलो आणि थांबलो. गवताच्या कडेला आबा उभे होते. डोक्याला जुना मंदील, कपाळभर भंडारा, खांद्यावर बंदूक. पायाशी दोन दगड, त्यांनाही हळद फासलेली. बाजूला कमळाकाकी ताट घेऊन. ताटात वांग्याचं भरीत, रोडगे, कांद्याची पात.

"पायताणं काढा," आबा म्हणाले.

"हे काय, धनाजीराव?"

"खंडोबाचं ठिकाण आहे. नवस बोललोय. यंदा या गवताला कोयता लागायचा नाही."

मी संपतकडे बघितलं, संपत माझ्याकडे. इतकी वर्षं सटीला जेवलोय मी. या नवसाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"मला कधी बोलला नाहीत," कारभारी म्हणाले.

"देवाचं तुम्हाला विचारून करायचं?"

"आणि बंदूक?"

"सवार आहे मी. देवाला सलामी काय टाळ्या वाजवून देऊ?"

आबांनी रोडगा मोडला, त्यावर भरीत ठेवलं आणि गवताच्या कडेला मांडलं. "पहिला घास देवाच्या कुत्र्यांना. मग आपल्याला."

ही रीत खरी आहे. सटीला कुत्र्यांना नैवेद्य घालतातच. श्रीपतरावांनी चहूकडे बघितलं. "या रानात कुत्री कुठली?"

आणि गवतातून आवाज आला. बारीक, तुटका, पिल्लाचा. वँक, वँक. मग परत.

कुणी हललं नाही.

"ही काय," आबा म्हणाले. आवाजात जराही फरक नाही. "आली ने."

मजुरांनी कोयते खाली टाकले आणि हात जोडले. एक तर जमिनीला डोकं टेकून मोकळा झाला. श्रीपतराव मात्र आबांकडेच बघत होते. मग बंदुकीकडे, मग माझ्याकडे. ते काही खुळे नाहीत. पण हळद लावलेल्या दगडापुढे, हात जोडलेल्या मजुरांसमोर, सटीच्या दिवशी "ते कुत्रं नाही" असं म्हणायचं धाडस कोण करणार? वाकून त्यांनी जोडे काढले. काकींनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यांनी तो खाल्ला, पण चावत राहिले बराच वेळ.

"पुढच्या कापणीला गवत मीच बघेन," ते संपतला म्हणाले. "वाढलं तर नवस खरा. नाही वाढलं, तर त्या दिवशी घर मोकळं करायचं." माझ्याकडे वळले. "तू लिहून दे."

गाडी गेल्यावर मी विचारलं, "आबा, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

"शेपट्या काय झाडाला लागल्या होत्या? बापाला आंधळा समजू नये पोराने."

"मग मारली का नाहीत?" हे संपतने विचारलं.

आबा बंदूक पुसत होते. "गोळी नव्हती."

"डबा भरलाय की गोळ्यांनी," काकी आतून म्हणाल्या.

"तू भरीत वाढ."

---

दुकानात येऊन कारभाऱ्यांचा कागद टाइप केला. रोझांचं सगळं जसं बघितलं तसं लिहिलं. कोपऱ्याबद्दल एकच ओळ, की देवाचं ठिकाण म्हणून कापला नाही. श्रीपतरावांनी उभ्याउभ्या वाचला.

"यात एक गोष्ट राहिली."

"कोणती, साहेब?"

"ते तू सांगायचं."

मी मशीनची फीत नीट करायला घेतली. त्यांनी घडी घालून कागद खिशात टाकला. खुर्चीवर आता दुसराच कुणी बसतो म्हणे. हिशोबात पक्का आहे, असं ऐकलंय.

सटीनंतर लांडगीने पिल्लं हलवली. एवढी माणसं आल्यावर कोण राहील? संपतने शोधून काढलं. काल दुकानात आला तेव्हा कानात सांगितलं कुठे ते; अजून शहरातच आहे तो. आता पिल्लं उड्या मारतात म्हणाला, आणि कुरणाच्या त्या बाजूलाही रोझ थांबेनासे झालेत. गवत परत येईल की नाही ते पावसाळ्यानंतर कळेल. तोवर घर दोरीवर टांगलेलं. शिवाय श्रीपतरावांनी माणसं लावलीत. ती भरवाडांकडे चौकशी करत फिरतात, खंडोबाची कुत्री बघितली का म्हणून.

बोलता बोलता त्याचं लक्ष मशीनवरच्या कागदाकडे गेलं.

"हे काय ठोकतोयस?"

"आपलंच."

उभा राहून हळूहळू वाचलं. लेंड्यांच्या पुडीशी हसला. मग हसू गेलं. "अल्या, हा कारभाऱ्याच्या हातात पडला तर?"

"नाही पडणार."

"तू एकदा त्याच्या सांगण्यावरून आला होतास, शऱ्या."

राग नव्हता त्यात. म्हणूनच लागलं. परत खुर्ची दाखवली तर, हे त्याने विचारलं नाही, पण मला ऐकू आलं.

मी कागद रोलरवरून सोडवला, बाकीच्या पानांवर ठेवला आणि मालकाला दिसणार नाही अशा खणात सारला. किल्ली संपतच्या हातात दिली. म्हटलं, "पिल्लं मोठी होऊन आपल्या पायांनी दुसऱ्या रानात जात नाहीत तोवर हा कागद या दुकानाबाहेर पडणार नाही. शेवटचं पान झालं की तेही आत टाकून तूच कुलूप लाव. आणि आज ती कुठे आहे ते माझ्या तोंडून निघणार नाही, संपत, या मशीनवरूनही नाही. तू स्वतः सांग म्हणालास तरी नाही."